उसनं नाक

३ फेब्रुवारी

आजी,

पाया पडते. नर्सताई, तुम्हालाही नमस्कार, कारण पत्र आजीचं असलं तरी वाचायला डोळे तुमचेच लागणार.

सोबत तीन छोट्या बाटल्या आहेत. आमच्या कारखान्याची गाडी तुमच्या रस्त्याने जाते, ड्रायव्हरकाका दारात आणून देतील. प्रत्येकीत चार चमचेच आहेत, घाबरू नकोस. तिन्ही व्हिस्कीच. राय नावाचं एक धान्य असतं, गव्हाचं चुलत भावंड म्हण, पण स्वभावाने तिखट. त्याची ही व्हिस्की पाच वर्षं साध्या लाकडी पिंपांत मुरली. मग सप्टेंबरात आम्ही ती चोवीस वेगळ्या पिंपांत भरली, ज्यांत आधी टकीला होती. टकीला म्हणजे घायपातासारख्या झाडाचा गड्डा भाजून काढलेली दारू. पिंप रिकामं केलं तरी लाकूड काही विसरत नाही. आधीच्या दारूचं थोडं थोडं नव्या दारूला देत राहतं. ते किती दिवस देऊ द्यायचं, एवढाच सगळा खेळ. लवकर काढली तर पिंपं बदलून मिळवलं काय? उशीर झाला तर राय गप्प होते आणि एकटी टकीलाच बोलत सुटते.

तो दिवस ठरवायचं काम मोठ्या साहेबांनी पहिल्यांदाच माझ्यावर टाकलंय. सहा मार्चला सगळी पिंपं हुंगून मी 'काढा' किंवा 'थांबा' म्हणायचं.

पहिली बाटली टकीलाच्या पिंपात जाण्याआधीची, दुसरी डिसेंबरातली, तिसरी परवाची. तू हुंग, जिभेला लाव आणि वाटेल ते सांग. तीस वर्षं लॉन्ड्री चालवलीस. शर्ट हुंगून त्याच्या मालकाने दुपारी काय खाल्लं ते सांगायचीस. असं नाक आमच्याकडे कुणाचंच नाही. साहेबही म्हणतात, बाहेरच्या माणसाचं मत घ्यावं.

बाबांना यातलं काही सांगू नकोस. त्यांची तब्येत कशी आहे, तेवढं कळव.

तुझी ठमी

१० फेब्रुवारी

ठमाबाई,

बाटल्या पोचल्या. तुमच्या ड्रायव्हरने त्या इतक्या जपून हातात दिल्या की शेजारणीला वाटलं, मला काहीतरी मोठं दुखणं लागलंय. म्हटलं, हो, म्हातारपण. नातीने औषध पाठवलंय.

वरच्या मजल्यावरची नर्सबाई लिहितेय. ड्युटीवरून येते, पाय पाण्यात सोडून बसते आणि मी बोलेन तसं उतरवते. फार सरळ बाई आहे, मी खोकले तर तेही लिहील. तिला म्हटलं, माझ्या तोंडून काही वावगं गेलं तर गाळ. तर म्हणते, गाळायला लागले तर पत्रात उरेल काय?

आता तुझ्या बाटल्या. पहिली अगदी खडूस. कोऱ्या कापडाला खळ जास्त झाली की कशी अंगाला टोचते, तशी. वाळलेलं गवत आणि मिरी. ही बया कुणाचं ऐकणारी नाही. दुसरी थोडी निवळली. भाजलेल्या कंदाचा गोडवा आहे, पण लांबून, शेजारच्या घरातून आल्यासारखा. तिसरीत मात्र गंमत आहे. ओल्या लाकडावर रंधा मारला की पहिली साल निघते ना, तो वास. त्याच्या मागोमाग लाकडाला लावायच्या चपड्याच्या पॉलिशचं झाकण उघडल्यासारखा एक झटका. आणि अगदी शेवटी, हिरवी काडी मोडल्यासारखं काहीतरी. ते अजून लहान आहे, पण वाढेल. लिहून ठेव.

तुझ्या बापाच्या तब्येतीला काय धाड भरलीय? सुतारकामाचं दुकान चालू आहे, सध्या शाळेची बाकं करतोय. नाकाने कांदे सोलणंही चालू आहे. तीन वर्षांपूर्वी तो रागाच्या भरात म्हणाला, 'दारूच्या कारखान्यात जाणार असशील तर मला सांगूनसुद्धा जाऊ नकोस,' आणि तू खरंच न सांगता गेलीस. शब्द पाळणारी माणसं मी खूप पाहिली. पण नेमका नको तोच शब्द पाळणारी तुम्ही दोघंच.

एक विचारते. एवढं लांबलचक लिहिलंस, पण तुला स्वतःला काय वास आला, त्याबद्दल चकार शब्द नाही. लहानपणी ओल्या पायपुसण्याचा वास आला तरी अर्धा तास त्यावर बोलायचीस. आता काय झालं?

नाकावर बोट ठेवून वाट बघणारी,
आजी

१८ फेब्रुवारी

आजी,

हे पत्र फक्त नर्सताईंनी वाचावं. ताई, पाया पडते, दार लावून घ्या.

मला वास येत नाही. डिसेंबरात ताप आला होता, आठवतं? ताप गेला, त्याच्याबरोबर नाकही गेलं. सर्दी नाही, काही नाही, नुसता कोरेपणा. दूध करपून भांडं काळं होतं आणि मी शेजारी उभी असते. कांदा चावला तर फक्त करकरीत लागतो. डॉक्टर म्हणतात, येईल. कधी? तर म्हणतात, सांगता येत नाही.

कारखान्यात कुणाला माहीत नाही. सकाळी आम्ही पाच जण टेबलाभोवती बसतो, समोर ग्लास असतात, ज्याने त्याने आपल्या वहीत लिहायचं. मी ग्लास नाकाला लावते आणि बाकीच्यांची तोंडं बघते. कुणाच्या भुवया वर गेल्या की मी 'तीव्र' लिहिते. कुणी डोळे मिटले की 'गोडसर'. दोन महिने असं चाललंय. साहेब बाहेरच्या माणसाचं मत घ्यावं म्हणाले, ते मी रचलं. तुझं मत मी माझं म्हणून वहीत उतरवलं, सहा तारखेलाही तेच सांगणार होते.

इथे नाक हीच माझी नोकरी आहे. पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर चोवीस पिंपं सोपवली आणि नेमकं आत्ता हे. चुकले तर पाच वर्षांचा माल गेला. सांगितलं तर मी गेले.

बाबांना कळू देऊ नकोस. त्यांना कळलं तर म्हणतील, झालं ते बरंच झालं, आता ये घरी.

आणि आजी, रंध्याची साल आणि चपडा वाचून रडू आलं. मला बरं वाटावं म्हणून बाबांच्या दुकानातले शब्द मुद्दाम घातलेस ना? तू अशीच आहेस. चौथी बाटली पाठवतेय, कालचीच काढलेली.

ठमी

२५ फेब्रुवारी

ठमे,

खाली बस आणि मग वाच.

तुझं पत्र तुझ्या बापाने वाचलं.

मला बोल लावू नकोस, आधी ऐक. तीन वर्षं तुझं प्रत्येक पत्र तोच वाचतोय. नर्सबाई लिहिते सुरेख, पण तुझं अक्षर तिला लागत नाही. एवढ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचणारी बाई, तुझ्या पहिल्याच पत्रापुढे हात टेकले तिने. तू लहानपणी फळ्यांवर पेन्सिलीने मापं लिहायचीस, ती वाचून वाचून त्यालाच काय ती तुझ्या अक्षराची सवय. मला काय, माझ्यासाठी सगळेच कागद सारखे. तुला हे सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू लिहिणं थांबवलं असतंस आणि त्याने वाचणं.

तर तो हात धुऊन, चष्मा लावून बसला, नेहमीसारखा. पहिलीच ओळ, 'हे पत्र फक्त नर्सताईंनी वाचावं,' ही त्याने मोठ्याने वाचली. मग माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "पुढचं वाचायचं का नाही?" मी म्हटलं, "तुला लागतंय ना अक्षर? मग वाच." तो वाचत गेला. 'झालं ते बरंच झालं' इथे आला तेव्हा चष्मा काढून पुसला आणि तीच ओळ पुन्हा वाचली, जशी काही मी बहिरी आहे. मग कागदाची नीट घडी घातली, दुकानात गेला आणि एका बाकाच्या फळीला रंधा मारत बसला. ती फळी त्याने सकाळीच गुळगुळीत केलेली होती.

आता माझं. रंधा आणि चपडा मी घातले नाहीत. मला कुठला येतोय वास? गेली सहा वर्षं माझंही नाक बंद आहे. तीस वर्षांच्या वाफेने म्हण किंवा वयाने म्हण, एक दिवस लक्षात आलं की पातळं नुसती पातळं झाली आहेत. कुणाला सांगितलं नाही. सगळे माझ्या नाकाचं एवढं कौतुक करतात, म्हटलं, राहू दे झाकली मूठ. तुझी व्हिस्की मला गरम तिखट पाण्यासारखी लागली, तिन्ही वेळा. म्हणून त्याला हाक मारली. म्हटलं, नावं ठेवायला तरी हुंगून बघ. नाक मुरडत आला. पहिल्या बाटलीला अर्धा मिनिट उभा राहिला. दुसरीला स्टूल ओढलं. तिसरीला म्हणाला, "आई, दिवा लाव, नीट बघू दे," जसा काही वास डोळ्यांना दिसतो. खळीचं कापड तेवढं माझं, बाकी सगळं त्याचं. वर मला दम: माझं नाव घालायचं नाही.

सहा वर्षं नाकाशिवाय जगले, ठमे. जगता येतं. पण माझ्या नाकावर कुणाचा पाच वर्षांचा माल अडलेला नव्हता, म्हणून माझं सोंग खपलं. तुझं खपणार नाही. जाऊन साहेबांना सांग. त्यांनी काढलं तर काढलं, पण दुसऱ्याच्या भुवया बघून पोट भरायचं, हे काम तुला जमणारं नाही. तू फार वाईट खोटं बोलतेस, आमच्याकडून तेवढंच शिकायचं राहिलं.

चौथी बाटली पोचली. त्याने हुंगली. मी विचारलं, काय लिहू? म्हणाला, काही नको. नर्सबाईने पत्र संपवायला घेतलं, तेवढ्यात दारात येऊन उभा. "विचार, त्यांची ती पिंपं आतून पार जाळलेली होती का नुसती भाजलेली? आणि फळ्यांची जाडी किती? मी विचारलं म्हणून नको, तुझं म्हणून विचार."

तर मी विचारते. मला फळ्यांच्या जाडीची फार काळजी लागून राहिली आहे.

आजी

१ मार्च

आजी,

फळ्यांच्या जाडीची काळजी सोड. पिंपं आतून जाळलेली नाहीत, हलकी भाजलेली आहेत, म्हणून लाकूड अजून बरंच देतं. फळ्या बोटाएवढ्या जाड. नऊ पिंपं मात्र दुसऱ्या कारागिराची आहेत, त्यांच्या फळ्या दीडपट. तुला आणखी काही जाणून घ्यायचं असेल तर सोबत दोन पानांवर आकृत्या काढल्या आहेत. बाहेरच्या लोखंडी पट्ट्यांची मापंही दिली आहेत. तुला आवडतील.

मी साहेबांना सांगितलं.

त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"डिसेंबर."

"मग दोन महिने वहीत काय लिहीत होतीस?"

"शेजारच्यांच्या तोंडाकडे बघून लिहीत होते."

"आणि एक फेब्रुवारीच्या नमुन्याबद्दल वहीत जे लिहिलंस? रंध्याची साल, चपड्याचं पॉलिश?"

"ते माझ्या वडिलांचं आहे. ते सुतार आहेत."

त्यांनी हातातला पेला टेबलावर ठेवला. म्हणाले, चाळीस वर्षं या टेबलावर बसतोय, 'लाकडाचा वास' एवढंच सगळे लिहितात. कुठल्या लाकडाचा, ओल्या की सुक्या, हे कुणी लिहिलं नाही. मग हात पुढे केला आणि नमुन्यांच्या खोलीची चावी मागून घेतली. मी दिली. म्हणाले, "सहा तारखेला मी एकटाच ठरवीन. तुझ्या वडिलांचं नाक आणता आलं तर दोघं मिळून ठरवू. तुझं काय करायचं, ते त्यानंतर."

आजी, मी बाबांना विचारणार नाही. मला तोंड नाही. तूही विचारू नकोस.

ठमी

४ मार्च

ठमे,

विचारू नकोस म्हणालीस, मी विचारलं नाही. पत्र त्यानेच वाचलं, मग विचारायचं काय शिल्लक राहिलं?

तुझ्या आकृत्या त्याने दुकानाच्या भिंतीवर लावल्या आहेत. बाकांना सध्या तीनच पाय आहेत. दोन दिवस झाले, घरात कांदा-लसूण बंद, फोडणी बंद. नाक स्वच्छ राहावं म्हणून नर्सबाईकडून वाफ घ्यायचं शिकला. सकाळ-संध्याकाळ डोक्यावर टॉवेल घेऊन पातेल्यावर बसतो. मुंजा बसल्यासारखा दिसतो, पण मी हसत नाही. तोंडावर तरी नाही.

उद्या निघतोय, म्हणून हे पत्र आजच तुमच्या ड्रायव्हरच्या हातात देतेय. पांढरा शर्ट मी इस्त्री करून दिलाय, कॉलर मोडलीस तर माझ्याशी गाठ आहे. तुला चार गोष्टी सांगते. त्याच्याशी बोलायची घाई करू नकोस, त्याच्या हातात काहीतरी काम दे. तो आधी पिंपांत खोट काढील, काढू दे. गळ्यात पडून रडायचं नाही, तो घाबरतो. आणि रस्त्यात चहा पाजशील तर बिनवेलचीचा. असं नर्सबाई म्हणते.

आजी

९ मार्च

आजी,

हे पत्रही तुला बाबाच वाचून दाखवणार. वाचा, बाबा. चुकलं असेल तिथे आजीला सांगा.

बाबा गाडीतून उतरले ते पिशवी माझ्या हातात देत म्हणाले, "हे धर." तीन वर्षांनंतरचे पहिले शब्द. मी धरली. ती घेऊन कारखान्याकडे चालू लागले.

शेडच्या दारात मात्र ते थबकले. तिथे अर्धवट उजेड असतो, मातीची जमीन, पिंपांचे तीन मजले लांबपर्यंत गेलेले. त्यांनी पहिल्या पिंपावर तळहात ठेवला, वरून खाली फिरवला. साहेबांना म्हणाले, "खिळा कुठे दिसत नाही."

"एकही नाही. सरसही नाही."

"मग धरलंय कशावर?"

"बाहेरून पट्ट्या, आतून ओल. लाकूड फुगतं आणि एकमेकांना दाबून बसतं."

बाबा दुसऱ्या पिंपाकडे गेले, मग तिसऱ्याकडे. म्हणाले, "ही मला असलं काही कधी बोलली नाही."

साहेब म्हणाले, "तुम्ही विचारलं होतंत?"

आजी, मी जमिनीकडे बघत होते, त्यामुळे बाबांचा चेहरा कसा झाला ते तू त्यांनाच विचार.

मग काम सुरू झालं. साहेब नळीने नमुना काढायचे, बाबा हुंगायचे, थेंबभर जिभेला लावून थुंकायचे. मी वही घेऊन शेजारी. "लिही," म्हणाले, आणि मी लिहीत गेले. 'तीन नंबर: मिरी पुढे, गोड मागे, काडीचा वास नुसता डोकावतोय.' 'सात नंबर: काडी पुढे आली. आजच काढा.' जाड फळ्यांची नऊ पिंपं त्यांनी न सांगता ओळखली. साहेब मागोमाग तेच पिंप हुंगून मान हलवायचे. दोनदा नाही म्हणाले. एकदा बाबांनी ऐकलं, एकदा साहेबांनी.

सतराव्या पिंपाला बाबांनी हुंगून पेला माझ्याकडे दिला. सवयीने, लहानपणी फळीचा तुकडा द्यायचे तसा. मी नाकाला लावला.

"काही?"

"नाही."

त्यांनी पेला परत घेतला. पुन्हा हुंगला, बराच वेळ. मग माझ्याकडे तोंड करून अगदी हळू म्हणाले, "ऐक. तू सात-आठ वर्षांची असशील. शिसवीचं एक कपाट दुरुस्तीला आलं होतं, त्यात लपून बसली होतीस. दार लावून. आतला वास आठवतो?"

"आठवतो."

"तोच. आणि कुणीतरी खिशात लिंबाची साल घेऊन आत शिरलंय."

नाकाला काहीच आलं नाही, आजी. पण ते पिंप मला कळलं. चोवीसांतलं तेच मला सगळ्यांत स्पष्ट आठवतं. पुढची सातही त्यांनी मला तशीच सांगितली. आधी मला, मग साहेबांना.

पंधरा पिंपं त्याच दिवशी काढली. जाड फळ्यांच्या पिंपांत टकीलाची ती काडी अजून मागेच आहे, म्हणून ती नऊ थांबवली आहेत. साहेब म्हणाले, चावी सध्या त्यांच्याकडेच राहील, मी टेबलावर बसायचं नाही, शेडमध्ये पिंपांवर काम करायचं. नाक येईपर्यंत माझी खुर्ची रिकामी ठेवतील. नाही आलं तरी लाकूड कळणारं माणूस त्यांना हवंच होतं. सांगितलंस म्हणून ठेवतोय, असंही म्हणाले, आणि सांगायला उशीर केलास म्हणून वर्षभर तुझी बढती विसर, हेही.

नऊ पिंपांसाठी सव्वीस तारखेला या, असं त्यांनी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, बाकं द्यायची आहेत, बघतो.

ठमी

१५ मार्च

ठमे,

पत्र वाचून झालं. शिसवीच्या कपाटाशी तो थांबला. मी वाट बघितली, मग म्हटलं, उरलेलं उद्या वाच. तो 'नको' म्हणाला आणि पुढे वाचलं. साहेबांनी 'विचारलं होतंत का' म्हटल्यावर चेहरा कसा झाला, ते मी विचारलं. म्हणाला, ती काय, काहीही लिहिते. मी म्हटलं, 'त्यांनाच विचार' असं लिहिलंय ना, तूच वाचलंस.

बाकं झाली. चारही पाय आहेत. सव्वीस तारखेचं तिकीट काढून आणलंय, 'बघतो' म्हणजे काय ते तुला आता कळलं असेल. घरात फोडणी पुन्हा बंद झाली आहे. मला वास येत नाही म्हणून काय झालं, बेचव भाजी मलाही कळते.

मी त्याला माझ्या नाकाचं खरं सांगून टाकलं. तो म्हणाला, माहीत होतं. सहा वर्षं माहीत होतं. दूध नासलं की तोच गुपचूप फेकून नवं आणून ठेवायचा. घरात एवढं सोंग चाललं आणि सगळ्यांना सगळं ठाऊक. नर्सबाई इथे लिहिता लिहिता थांबलीय. लिही गं.

आता मुख्य. दोन दिवस संध्याकाळी तो माझ्याजवळ येऊन बसतो आणि म्हणतो, "आई, ठमीला एक लिहायचंय, सांगतेस का नर्सबाईंना?" मी म्हटलं, मी नाही सांगणार. तुझं तू लिही. म्हणाला, सुरुवात कशी करू? म्हटलं, मला अडाणी बाईला काय विचारतोस? मला आयुष्यात एक अक्षर आलं नाही आणि तुमच्या दोघांच्या मधल्या टपालाचं सगळं काम माझ्याच गळ्यात? आता पुरे. तुझं पत्र माझ्या नावाने येतं आणि तो वाचतो, त्याचं बोलणं माझ्या नावाने जातं आणि तू ओळखतेस. यात माझा उपयोग काय, ते कुणी सांगेल?

म्हणून नर्सबाईला आज एकच बाजू लिहायला लावलीय. पान उलटशील तर त्यावर माझं काही नाही. कागद आत्ता त्याच्यासमोर ठेवतेय, पेनही. तो काय लिहील ते मला माहीत नाही. लिहून झाल्यावर पाकीट बंद करून टाक म्हणून सांगितलंय.

त्याने मला वाचून दाखवायचं नाही. तूही सांगायचं नाही.

आजी